सीटखाली कोंडलेली हवा

माउंटन बाइकच्या सीटखाली, फ्रेमच्या पोटात एक नळकांडं बसवलेलं असतं. माझ्या सायकलीवरचं टोकापासून टोकापर्यंत 210 मिलिमीटर भरतं, म्हणजे वीतभरच. वजन अर्ध्या किलोच्या आत. त्यात कोंडलेली हवा असते आणि थोडं तेल. एवढ्याच्या जोरावर ते नळकांडं माझं वजन पेलतं, मागचं चाक दगडावर चढलं की त्याला वर येऊ देतं, दगड ओलांडला की खाली सोडतं, आणि हे सगळं मला नीट कळायच्या आत उरकतं. फुल सस्पेन्शन सायकल मी गेली पाच वर्षं चालवते आहे. या नळकांड्याला आम्ही नुसतं ‘शॉक’ म्हणतो, आणि त्याच्याविषयीचं माझं नवल अजून ओसरलेलं नाही.

दुकानातून आलेला शॉक मात्र तुमचा नसतो. तो कुणाचाच नसतो. तुमचं वजन, तुमची बसण्याची ढब, तुमची टेकडी यांतलं त्याला काहीच ठाऊक नसतं. ते त्याला सांगावं लागतं, आणि सांगायची भाषा आहे हवेचा दाब आणि दोन-तीन खटके.

परवा रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ते पुन्हा पहिल्यापासून करत होते. मदतीला अकरावीत शिकणारा भाचा होता, कारण हे काम एकट्याने करताना फार ओढाताण होते. मी हेल्मेट घातलं, गुडघ्यांचे पॅड चढवले, पाठीला दोन लिटर पाणी भरलेली पिशवी अडकवली.

“मावशी, आपण खालीच आहोत. हेल्मेट कशाला?”

“शॉकला माझं रोजचं वजन कळायला हवं. पिशवी काढून मोजलं तर दोन-अडीच किलोंची चूक इथेच झाली.”

या सगळ्या जामानिम्यासकट माझं वजन 74 किलो भरतं, म्हणजे 163 पौंड. शॉक बनवणाऱ्यांनी सुरुवातीसाठी एक सोपा आडाखा दिलेला असतो: जितके पौंड वजन, तितके पीएसआय दाब. म्हणून सुरुवात 163 वर. गाडीच्या टायरमध्ये साधारण 32 पीएसआय हवा असते आणि माझ्या सायकलीच्या टायरमध्ये पंचविसाच्या आसपास. इथे मुठीत मावेल एवढ्या जागेत गाडीच्या टायरच्या पाचपट दाब भरायचा असतो. त्याला साधा पंप चालत नाही. शॉक पंप इंजेक्शनच्या सिरिंजसारखा बारीक असतो, एका दट्ट्यात चिमूटभर हवा ढकलतो, पण खूप जोराने. चाळीस-पन्नास वेळा दट्ट्या मारला की गेजचा काटा सरकतो. पंप काढताना फिस्स असा आवाज येतो आणि नवशिक्याचा जीव वर-खाली होतो. चांगल्या पंपात ती हवा पंपाच्या नळीत उरलेली असते, शॉकमधली नव्हे. उलट पंप पुन्हा जोडला की नळी भरायला शॉकमधली थोडी हवा जाते आणि काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. हे ठाऊक नसलं की माणूस तासभर हवा भरत आणि सोडत बसतो.

हवा भरून झाली. मी भिंतीला एक हात टेकून अलगद सायकलीवर बसले आणि सायकल माझ्याखाली थोडी बसली. भाच्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “नुसत्या वजनानेच एवढं दबलं? मग दगड आला की काय उरणार?”

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मलाही पडला होता, आणि त्याच्या उत्तरात सस्पेन्शनचं अर्धं मर्म आहे. आपल्याला वाटतं, शॉक उंचवट्यांसाठी असतो. पण खराब वाटेवर जितके उंचवटे तितकेच खड्डे. चाक उंचवट्यावरून वर यायला हवं तसं खड्ड्यात खालीही जायला हवं. शॉक आधीच पूर्ण ताणलेला असेल तर खाली जायला चाकाला जागाच उरत नाही. मग खड्ड्यावर ते अधांतरी राहतं, आणि अधांतरी चाकाला ना वळता येतं ना थांबता येतं. म्हणून स्वाराच्या वजनाने शॉक थोडा दबलेलाच हवा, खड्ड्यांसाठी राखून ठेवलेला हात म्हणून. या दबण्याला सॅग म्हणतात. ट्रेलवर चालणाऱ्या सायकलींना तो बहुधा शॉकच्या एकूण चालीच्या, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या, 25 ते 30 टक्के ठेवतात. ज्या राज्यात पावसाळ्यानंतर रस्त्यावर उंचवट्यांपेक्षा खड्डेच मोजावे लागतात, तिथे हे समजायला खरं तर वेळ लागू नये.

सॅग मोजायची सोय इतकी साधी आहे की तिचं मला फार कौतुक वाटतं. शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराची एक बारीक काळी कडी असते, तिला ओ-रिंग म्हणतात. ती बोटाने सरकवून सीलला टेकवायची. मग सायकलीवर अलगद बसायचं, उसळी न देता अलगद उतरायचं. शॉक दबताना कडीला पुढे ढकलतो, आणि परत ताणला जाताना ती तिथेच सोडून येतो. कडी कुठे थांबली ते पट्टीने मोजलं की झालं. माझ्या शॉकची चाल 50 मिलिमीटर आहे. 163 पीएसआयवर कडी 18 मिलिमीटरवर थांबली, म्हणजे 36 टक्के, जास्तच. 175 वर 16. 182 वर साडेचौदा, म्हणजे 29 टक्के. तिथे आम्ही थांबलो.

पन्नास मिलिमीटर म्हणजे दोन इंचसुद्धा नव्हेत, पण मागचं चाक 130 मिलिमीटर वर येऊ शकतं. मधला हिशेब फ्रेमच्या दांड्यांचा असतो. अडकित्त्यात बोटं खूप हलतात आणि सुपारीजवळचं पातं जरासंच, पण सुपारी फुटते. इथेही तसंच: चाक 2.6 मिलिमीटर हललं की शॉक 1 मिलिमीटर दबतो, आणि चाकावर आलेला प्रत्येक किलो शॉकवर अडीच किलोंहून जास्त होऊन पडतो. मी सायकलीवर नुसती बसले तरी माझ्या वजनातला चाकावर आलेला वाटा शॉकपर्यंत पोचेस्तोवर शंभर किलोंच्या पलीकडे जातो. कसलीही तार किंवा पोलादी स्प्रिंग नसलेली हवा तो झेलते.

आता यातली सर्वांत लपलेली गोष्ट. शॉक पूर्ण ताणलेला असताना आतली हवा दट्ट्याला सारखी बाहेर रेटत असते. नुसतं तेवढंच असतं तर बारीक खडीवर शॉक हललाच नसता. आधी तो सगळा रेटा हरवावा लागला असता, मग पहिला मिलिमीटर. म्हणून दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला हवेची आणखी एक छोटी खोली असते आणि ती उलट दिशेने रेटते. दोघींची ओढाताण बरोबरीची झाली की शॉक बोटाच्या दाबानेसुद्धा हलू लागतो. पण पंप लावायला तोंड एकच. मग दुसऱ्या खोलीत हवा जाते कशी? अनेक शॉकमध्ये नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर एका ठरावीक जागी एक बारीक खळगा असतो, हरभऱ्याच्या डाळीचा ठसा उमटावा तेवढा. दट्ट्याचं सील त्या खळग्यावरून जाताना क्षणभर दोन्ही खोल्यांमधलं दार उघडतं, हवा इकडून तिकडे जाते आणि दार मिटतं. एवढ्यासाठी हवा भरल्यावर सीट धरून शॉक दहा-पंधरा वेळा हळूहळू दाबायचा असतो, चालीच्या पावभागापर्यंत. ते न करता मोजलेला सॅग खोटा असतो. चालत्या सायकलीवर तर ते दार प्रत्येक खडबडीत वळणावर उघडतं आणि मिटतं, आणि वर बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

भाचा म्हणाला, “हा तर बॉइलचा नियम.” बरोबरच होतं त्याचं. अकरावीच्या मुलाला जो नियम परीक्षेपुरता ठाऊक असतो तो इथे हाताने दाबता येतो. आणि त्या नियमामागची हकीकत या शॉकला इतकी चपखल बसते की मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रॉबर्ट बॉइल ऑक्सफर्डमध्ये हवेवर प्रयोग करत होता. 1660 मध्ये त्याने त्यांवर पुस्तक छापलं, आणि त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असे शब्द आहेत. हवा दाबली की ती परत उसळते, तिच्या अंगी स्प्रिंग असते, हे त्याचं म्हणणं. टीकाकारांना उत्तर म्हणून 1662 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने मोजमापं दिली. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, आखूड टोक बंद, लांब टोकातून पारा ओतायचा. नळी इतकी उंच होती की ती खोलीत मावेना, म्हणून जिन्यात उभी करावी लागली. वरून पारा ओतला जात होता आणि खाली बंद टोकातली हवा आक्रसत होती. लांब बाजूचा पारा सुमारे 29 इंच जास्त चढला, म्हणजे बाहेरच्या वातावरणाएवढा आणखी एक दाब पडला, तेव्हा कोंडलेली हवा बरोबर निम्म्या जागेत आली होती. दाब दुप्पट, जागा निम्मी.

बॉइलसाठी हवेचा पंप बनवणारा मदतनीस होता रॉबर्ट हूक. पुढे त्यानेच पोलादी स्प्रिंगचा नियम मांडला. 1676 मध्ये अक्षरं उलटसुलट करून कोड्यात दडवला आणि 1678 मध्ये उलगडला: स्प्रिंग जितकी ओढाल तितक्याच प्रमाणात ती परत ओढेल. आज माउंटन बाइकच्या दुकानात शॉकचे दोनच मुख्य प्रकार मिळतात, एक वेटोळ्याच्या स्प्रिंगचा आणि एक हवेचा. म्हणजे एक हूकचा आणि एक बॉइलचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाच प्रयोगशाळेत खपलेली ही दोन माणसं आज शेजारी-शेजारी एका फळीवर मांडलेली असतात.

दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. हूकची स्प्रिंग सरळमार्गी आहे, प्रत्येक मिलिमीटरला सारखाच वाढीव जोर मागते. बॉइलची हवा शेवटाकडे हट्टाला पेटते. समजा आतल्या हवेच्या स्तंभाची लांबी 75 मिलिमीटर आहे आणि बाहेरच्या वातावरणासकट दाब 180 पीएसआय आहे. शॉक 25 मिलिमीटर दबला की दाब होतो 270, म्हणजे वाढ 90 ची. पुढचे 25 मिलिमीटर दबला की तोच दाब 540 वर जातो, म्हणजे वाढ 270 ची. चालीच्या पहिल्या अर्ध्यात हवा मऊ वागते आणि दुसऱ्या अर्ध्यात तिप्पट कडक होत जाते. मोठ्या उडीनंतर शॉक तळाला खाडकन आपटत नाही तो यामुळे.

तरी आपटलाच, तर आणखी हवा भरणं हा पहिला उपाय नव्हे. त्याने सॅग बिघडतो. उपाय वेगळाच आहे आणि मला तो फार आवडतो: हवेच्या खोलीत प्लॅस्टिकचा एक तुकडा घालून खोलीच लहान करायची. त्याला स्पेसर म्हणतात. डब्यात वाटी ठेवली की डब्यात माल कमी मावतो, तसं. वरच्याच उदाहरणात स्पेसरने स्तंभ 5 मिलिमीटरने आखूड केला तर मधल्या टप्प्यावर दाब 270 ऐवजी 280 होतो, म्हणजे बसलेल्याला फारसा फरक कळत नाही. पण शेवटी तो 540 ऐवजी 630 वर जातो. एवढ्याशा प्लॅस्टिकने सुरुवातीचा मऊपणा जवळपास जसाच्या तसा ठेवला आणि फक्त शेवट कडक केला.

इथवर नुसती हवा झाली. पण हवा जितकं घेते तितकं जवळपास सगळं परत देते, आणि धोका तिथेच असतो. पहिल्या वर्षी शॉक तळाला आपटेल या भीतीने मी 230 पीएसआय भरत होते, आणि लाल रंगाचा एक खटका असतो त्याला कधी हातच लावला नव्हता. टेकडीच्या उतारावर गुडघाभर उंच दगडावरून चाक खाली आलं, शॉक दबला आणि लगेच त्याने मागचं चाक वर फेकलं. मी हँडलवरून पुढे गेले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. दगड मोठा होता असंच मी कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत राहिले. खरं कारण तो लाल खटका होता.

तो खटका तेलाचा आहे. हवेची उसळी पोटात घालायला शॉकमध्ये तेल असतं. दट्ट्या सरकला की तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते. ती वाट काढताना चालीतली ताकद तेलात घासली जाते आणि तिची उष्णता होते. बँकेचं किंवा दवाखान्याचं दार आपोआप संथ मिटतं त्याच्या वरच्या पेटीत हेच चाललेलं असतं.

माउंटन बाइकिंगच्या या खेळाचा जन्मच मुळी उष्णतेच्या गोष्टीशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ वणवा विझवायला जाण्यासाठी काढलेली एक कच्ची वाट उतरते. 21 ऑक्टोबर 1976 ला काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन तिथे पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत 1,300 फूट उतार, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबून लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या वाटेचं नाव पडलं ‘रीपॅक’. हिशेब करून पाहिला तर ग्रीस बिचारं दुसरं काय करणार असं वाटतं. सायकलीसकट 90 किलोचा माणूस तेवढा उतरला की साडेतीन लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्यात लिटरभर गार पाण्याला उकळी फुटेल. त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हतं. आज त्या उष्णतेचा बराचसा वाटा ब्रेकच्या चकत्या घेतात, काही टायर आणि वारा घेतो, आणि एक वाटा शॉकच्या तेलात जातो.

लाल खटका, म्हणजे रिबाउंड, दबलेला शॉक किती वेगाने परत ताणला जाईल ते ठरवतो. फार मोकळा असला की सायकल घोड्यासारखी उधळते, माझं झालं ते हेच. फार आवळला तर दुसरीच पंचाईत: एका दगडातून शॉक सावरून वर यायच्या आधी दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि शॉक खाली-खाली दबत जाऊन शेवटी त्याला चालच उरत नाही. तपासायला फुटपाथची कड पुरते. बसल्या-बसल्या कडेवरून खाली उतरायचं. सायकल दबून एकदा वर आली आणि स्थिरावली तर जमलं. दोनदा डोलली तर खटका थोडा आवळायचा. मी भाच्याला मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करायला लावलं. डोळ्याला जे एक ‘धप्’ वाटत होतं त्यात दबणं, थबकणं, उलगडणं, जरासं पुढे जाणं आणि परत येणं असं सगळं दिसलं. आम्ही खटका एक टप्पा आवळून पुन्हा उतरलो, मग आणखी एक टप्पा. तिसऱ्या वेळी ते जरासं पुढे जाणं थांबलं. हवा आधी आणि रिबाउंड नंतर हा क्रम मात्र पाळायचा, कारण दाब वाढला की उसळी वाढते आणि जुना खटका अपुरा पडतो.

निळा खटका दबण्याच्या वाटेवर बसलेला असतो. त्याच्यामागची कल्पना समजायला विहीर आठवावी. पाण्यात हात हळू फिरवला तर पाणी वाट देतं. तेच उंचावरून पोटावर पडलात तर पाणी फरशीसारखं लागतं. तेलाचंही तसंच. उभं राहून पेडल मारताना शॉक हळू डोलतो. तिथे तेलाने अडवायला हवं. दगड आदळतो तेव्हा शॉक क्षणात दबतो. तिथे तेलाने अडवलं तर तो दणका थेट पाठीत येतो. म्हणजे तेलाने आपल्या स्वभावाच्या उलट वागायला हवं. ते साधतात पोलादाच्या पातळ गोल चकत्या. लहान-मोठ्या चकत्यांची नाण्यांसारखी चळत भोकांवर बसवलेली असते आणि एकेक चकती साधारण कागदाइतकी पातळ असते. संथ हालचालीत त्या भोकं झाकून धरतात, तेल बाजूच्या अरुंद वाटेने जातं. जोराचा दणका आला की चकत्यांच्या कडा वाकतात, तेलाला रस्ता मिळतो, आणि पुढच्या क्षणी त्या पुन्हा सपाट. सायकल किती वेगाने चालली आहे याच्याशी त्यांना देणं-घेणं नाही, फक्त शॉकचा दांडा किती वेगाने आत येतो आहे हे त्या ओळखतात. दोन तासांच्या फेरीत त्या किती हजार वेळा वाकत असतील याचा विचार मनात आला की मी उतारावर जरा गप्प होते.

एक गोष्ट उत्तरेला सायकल नेणाऱ्यांसाठी. हवा थंडीत आखडते. पुण्याच्या 35 अंशांत 182 पीएसआय भरलेला शॉक हिमाचलातल्या 5 अंशांच्या पहाटे पंधरा-वीस पीएसआयने उतरतो. शॉक गळत नसतो. तिथल्या थंडीत पुन्हा सॅग पाहावा आणि घरी परतल्यावर जादा हवा सोडावी.

पार्किंगमधलं काम संपवून दुसऱ्या दिवशी उजाडताना मी टेकडीवर गेले. ओ-रिंग सीलला टेकवली आणि उतार घेतला. आधी मुरूम, मग काळ्या खडकाच्या पायऱ्या, मग तोच गुडघाभर उंच दगड. चाक खाली आलं, शॉक दबला, सायकल एकदा वर आली आणि गप्प झाली. मी पुढच्या वळणावर होते.

खाली पोचून पाहिलं तर कडी 46 मिलिमीटरवर होती, चार मिलिमीटर शिल्लक. भाच्याला फोटो पाठवला. मग हातमोजा काढून शॉकवर तळवा ठेवला. सकाळ गार होती, फ्रेम गार होती, आणि शॉक चहाचा कप थोडा वेळ बाजूला ठेवल्यावर लागतो तितका कोमट लागत होता.